बरोबर एक तास

सातव्या प्रकरणाचं नाव 'उणिवा' असं होतं आणि तिथेच सगळा घोळ झाला.

मी एका सेमिनरीच्या कचेरीत बावीस वर्षं काढलीत. सेमिनरी म्हणजे धर्मशास्त्र शिकवून पाळक तयार करणारी शाळा. विद्यार्थी मोजून चव्वेचाळीस, शिक्षक नऊ आणि कचेरी म्हणजे मी. प्रवेश, हजेरी, निकाल, दाखले, किल्ल्या, झेरॉक्स मशीनचे रुसवेफुगवे, सगळं माझ्या गळ्यात. दर सात वर्षांनी मान्यता देणारी समिती येते, तीन दिवस आमचं घर उलटंपालटं करून बघते आणि मग ठरवते, की आमच्या पदवीला बाहेर कोणी विचारणार की ती नुसती भिंतीवर टांगायची. समिती यायच्या आधी आपणच आपली तपासणी करून एक जाडजूड अहवाल पाठवायचा असतो. त्यात सहा प्रकरणं आपल्या कौतुकाची आणि सातवं उणिवांचं.

आता कुठलीही शहाणी संस्था या प्रकरणात काय लिहिते? वाचनालयाला जागा अपुरी पडते, कॉम्प्युटर जुने झालेत, झालं. पण आमची माणसं पडली धर्मशास्त्री. जन्मभर लोकांना सांगत आलीत, की मनात झाकून ठेवू नका, कबूल करा आणि मोकळे व्हा. 'उणिवा' हा शब्द दिसला मात्र, एकेकाने गुडघेच टेकले! चर्चचा इतिहास शिकवणाऱ्या सरांनी लिहिलं, 'मी अकरा वर्षं त्याच टिपणांवरून शिकवतो आहे. कडा पिवळ्या पडल्या की कापून टाकतो, म्हणजे ती नवी दिसतात.' जुना करार शिकवणाऱ्या बाईंनी लिहिलं, 'एका सहकाऱ्याच्या बढतीचा मला हेवा वाटला. त्या वर्षी त्याच्या लाडक्या विद्यार्थ्यांना मी गुण कमी दिले असावेत. नक्की आठवत नाही, आणि आठवत नाही हे माझ्या सोयीचं आहे.' प्रवचन कसं करावं हे शिकवणाऱ्या सरांनी तर कहर केला. 'मी इतरांच्या प्रवचनात झोपतो,' असं लिहून खाली तारखा दिल्या. एकेचाळीस पानं भरली!

माझं डोकंच फिरलं. तो गठ्ठा घेऊन तशीच प्राचार्यांच्या खोलीत गेले.

"सर, हा अहवाल आहे की पापांची यादी?"

आमच्या प्राचार्यांना सगळे पाठीमागे 'बघूया' म्हणतात, कारण कशालाही त्यांचं तेच उत्तर असतं. त्यांनी सगळी पानं शांतपणे वाचली. मधे चष्मा पुसला. मग म्हणाले, "खरं तर आहे हो सगळं."

"खरं आहे म्हणूनच तर म्हणतेय! हे वाचून समिती मान्यता देईल की पळून जाईल?"

"बघूया," म्हणाले. आणि तीन दिवसांनी बघून झाल्यावर म्हणाले, "तुम्हीच ते चार पानांत बसवा."

मला तेच हवं होतं. मी लाल पेन घेऊन बसले आणि सपासप कापत सुटले. पण सगळ्यांत आधी मी कुठली ओळ कापली ते सांगते. आमचे एक म्हातारे सर आहेत, हॉस्पिटलमधल्या प्रात्यक्षिकाचं मार्गदर्शन करतात. चालणं सावकाश, बोलणं त्याहून सावकाश, म्हणून त्यांचं नाव पडलंय 'आस्तेकदम'. त्यांनी चारच वाक्यं लिहिली होती. 'मी अंथरुणाला खिळलो होतो तेव्हा पुढ्यात आलेल्या कागदांवर न वाचता सह्या केल्या. कोणत्या, ते मला ठाऊक नाही. ते माझं काम होतं. क्षमा असावी.'

ते कागद कोणते होते, हे मला चांगलं ठाऊक होतं. त्यांच्या पुढ्यात मीच ठेवले होते ना.

झालं असं होतं. आदल्या सत्रात आस्तेकदम वाचनालयाच्या पायऱ्यांवरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडून दोन महिने पडून राहिले. शेवटच्या वर्षाला हॉस्पिटलचं प्रात्यक्षिक घेतलेले तीन विद्यार्थी होते. नियम असा, की विद्यार्थ्याने हॉस्पिटलात रुग्णांजवळ बसायचं आणि दर आठवड्याला मार्गदर्शकाला भेटून, काय घडलं, काय चुकलं, ते सगळं बोलायचं. प्रत्येकाची वेगळी वही, ठेवायची कचेरीत. तारीख, आत आल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, सही. बैठक नाही, तर त्या आठवड्याचे तास धरायचे नाहीत. मी प्राचार्यांना दोनदा विचारलं, सरांच्या जागी कोण? ते म्हणाले, बघूया. आठ आठवडे गेले. तिघांचं वर्ष वाया जायची वेळ आली, तेव्हा मी तीन वह्या घेऊन बसले आणि आठ-आठ ओळी भरून टाकल्या. चार ते पाच. चार ते पाच. मग फळांची पिशवी आणि इतर पंधरा कागदांबरोबर त्या वह्या सरांच्या अंथरुणाशी नेल्या. बोट ठेवलं तिथे सही करत गेला बिचारा माणूस, चष्मासुद्धा न लावता. वर मला म्हणाला, तुमचे किती उपकार मानू.

मला त्यात फार काही केलं असं वाटलं नव्हतं, हे खरं सांगते. कागदाची गरज कागदाने भागवली. शिवाय त्या तिघांत एक माझी वहिनी होती.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन पाच वर्षं झाली. तेव्हापासून आम्ही दोघी एकत्र राहतो. चिडवायचं असलं की ती मला 'नणंदबाई' म्हणते, एरवी नुसतं 'अगं ए'. पंचवीस वर्षं तिने युनिफॉर्म शिवायच्या दुकानात मशीन चालवलं. मग अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ट्रंकेच्या तळाशी पडलेली लग्नाआधीची पदवी झटकून, ती माझ्याच सेमिनरीत प्रवेशाचा अर्ज घेऊन समोर उभी राहिली. "या अर्जावर शिक्का मार, नणंदबाई," म्हणाली. हॉस्पिटलात चॅप्लिन व्हायचं होतं तिला. आजाऱ्याच्या उशाशी बसून ऐकणारी, त्याला हवी असली तर प्रार्थना म्हणणारी, नको असली तर गप्प बसणारी.

हे खूळ तिच्या डोक्यात आलं ते भावाच्या शेवटच्या आजारात. तेव्हा आम्हा बहीणभावात चार वर्षं अबोला होता. आईच्या दुखण्यात कोण किती धावलं यावरून सुरू झालेलं भांडण, पुढे कोणालाच मागे घेता आलं नाही. हॉस्पिटलात एक बुटकीशी, जाड चष्म्याची चॅप्लिनबाई होती. भावाने तिला विचारलं, मी बरा होईन ना? ती खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "मला माहीत नाही. डॉक्टरांनाही खात्री नाही. कोणाला बोलवायचंय का तुम्हाला?" भावाने माझं नाव घेतलं. त्यानंतर तो नऊ दिवस होता. पहिले दोन दिवस आम्ही चार वर्षांचं भांडण भांडून घेतलं, उरलेले सात दिवस मी त्याला पेपर वाचून दाखवला आणि तो माझ्या उच्चारांना हसला. ते नऊ दिवस मला त्या बाईच्या एका वाक्याने मिळाले. वहिनी बाजूलाच उभी होती, तिने ते ऐकलं होतं.

आता ती चॅप्लिनबाई निवृत्त होणार होती. वहिनीला म्हणाली होती, पदवी घेऊन ये, ही खुर्ची तुझीच. पण हॉस्पिटलचा नियम पक्का, पदवी मान्यता असलेल्या संस्थेचीच हवी आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला हातात हवी. म्हणजे आमची मान्यता गेली, तर वहिनीची तीन वर्षं पाण्यात. आणि तिच्या वहीतल्या आठ ओळी निघाल्या, तरीही तेच. म्हणून मी लाल पेन एवढ्या जोरात चालवत होते.

प्रकरण चार पानांत बसलं. मग विद्यार्थ्यांचे फॉर्म एकत्र लावायला घेतले. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येकाने एक फॉर्म भरायचा होता, त्यात एक प्रश्न होता, 'प्रशिक्षणात काय कमी पडलं?' खाली दोन ओळींची जागा. बाकीच्यांनी 'वाय-फाय' लिहून सुट्टी केली होती. वहिनीचं उत्तर दोन ओळींत मावलं नव्हतं, मागच्या पानावर गेलं होतं. अक्षर तिच्या टाक्यासारखं, बारीक आणि सरळ.

'मार्गदर्शक सर आजारी असताना आठ आठवडे माझी एकही बैठक झाली नाही. तेव्हा पुरुषांच्या वॉर्डात एक बस ड्रायव्हर होते. त्यांनी विचारलं, मी बरा होईन ना. मी म्हटलं, होणारच, काळजी कशाला करता. ते म्हणाले, मग मुलीला आत्ता नको बोलवायला, बरा होऊन मीच तिच्या दारात जाऊन उभा राहतो. तिसऱ्या दिवशी ते गेले. मुलगी आली ती नंतर. तिने विचारलं, बाबा माझ्याबद्दल काही बोलले का. घाबरून मी नाही म्हटलं. मी असं का केलं, आता काय करायचं, हे मला कोणाला तरी विचारायचं होतं. विचारायला कोणी नव्हतं. सर परत आल्यावर धीर झाला नाही, अजून विचारलेलं नाही.'

मी हे उभ्यानेच वाचलं. मला ते आठवडे आठवले. ताटावर बसायची आणि दोन घास चिवडून उठायची. मी तिला रागवायचे, या वयात परीक्षेचं एवढं काय टेन्शन घेतेस, जेव की नीट! तीन फुटांवर बसून जेवत होते मी आणि एकदाही विचारलं नाही, की बाई गं, काय झालंय.

पण लगेच दुसरा विचार आला, आणि तो काही भला नव्हता. हा फॉर्म अहवालात गेला, की समिती म्हणणार, बैठक झाली नाही तर वहीत ही कसली नोंद? मी तो कागद ड्रॉवरमध्ये, स्टॅम्पपॅडच्या खाली सरकवला आणि कुलूप लावलं.

घरी गेल्यावर वहिनी भाजी चिरत होती. मी पाण्याचा ग्लास घेऊन तिच्यासमोर बसले.

"तुझा फॉर्म मी बाजूला ठेवलाय," मी म्हटलं.

तिची सुरी थांबली. "का?"

मग मी सांगितलं. वह्या, चार ते पाच, सरांच्या सह्या, सगळं. ती ऐकत राहिली. मला वाटलं ओरडेल, पण ओरडली नाही. उलट मीच ओरडले. "अशी बघू नकोस माझ्याकडे! तुझ्यासाठीच केलं ना? समिती विद्यार्थ्यांशी बोलणार आहे. तुला विचारलं तर एवढंच म्हण, की बैठका होत होत्या. एक वाक्य. तीन वर्षं घासलीस, ती एका वाक्यासाठी घालवू नकोस. हात जोडते तुझ्यापुढे."

"हात कशाला जोडतेस," ती म्हणाली. मग बराच वेळ भाजीच चिरत राहिली. "बरं," म्हणाली शेवटी.

त्या माणसाबद्दल, त्या मुलीबद्दल मी तेव्हाही काही विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढे 'एक वाक्य' मागता आलं नसतं.

समिती आली. तिघेजण होते. एक निवृत्त प्राध्यापक, ते आल्याबरोबर वाचनालयात गेले आणि तिथेच रमले. एक तरुण माणूस, तो वाय-फाय तपासत फिरला. आणि अध्यक्षबाई. साठीच्या, आखूड केसांच्या, कानावर पेन्सिल अडकवलेल्या. त्यांनी दोन दिवस सगळे वर्ग पाहिले, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी प्रात्यक्षिकाच्या वह्या मागवल्या. वहिनीची वही उघडून त्या माझ्याच टेबलाशी बसल्या.

"हे तुमचे मार्गदर्शक मोठे गमतीचे दिसतात," त्या म्हणाल्या. "हे बघा. चार दहा ते पाच पस्तीस. चार वीस ते सहा. तीन पंचावन्न ते पाच दहा. एक बैठक वेळेवर संपेल तर शपथ! आणि मग एकदम आठ आठवडे चार ते पाच, चार ते पाच, मिनिटाचा फरक नाही. पुढे पुन्हा चार पाच ते पाच पन्नास."

माझी पाचावर धारण बसली. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडण्यात घालवलेली बाई मी, आणि खोटं लिहिताना मिनिटं वरखाली करायची बुद्धी झाली नाही!

"मधे त्यांनी नवीन घड्याळ घेतलं होतं," मी म्हटलं.

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं, हे आजही मला खरं वाटत नाही. अध्यक्षबाईंनी माझ्याकडे पाहिलं. कानावरची पेन्सिल काढून कागदावर काहीतरी टिपलं. "असेल," म्हणाल्या आणि वही मिटून विद्यार्थ्यांच्या मुलाखतींना गेल्या.

मुलाखती सभागृहाशेजारच्या खोलीत होत्या. मी काहीबाही काम काढून व्हरांड्यात घिरट्या घालत होते. वहिनी आत गेली आणि सहासात मिनिटांत बाहेर आली. मी तिला खांबाआड ओढलं.

"काय विचारलं?"

"बैठका दर आठवड्याला होत होत्या का."

"मग?"

"म्हटलं, होत होत्या."

माझा जीव भांड्यात पडला. मी तिचा हात दाबला. "फार जड गेलं का गं?"

"छे," ती म्हणाली. तिने पर्स खांद्यावर नीट केली. "सोपं असतं. त्या ड्रायव्हरकाकांशी बोलले ना, तसंच. समोरच्याला हवं असतं ते म्हणायचं. दोन्ही वेळा मी हसून म्हटलं." आणि ती जिना उतरून निघून गेली.

मी तिथेच खांबाला टेकून उभी राहिले. माझ्या भावाला कोणीतरी खरं सांगितलं होतं म्हणून मला भाऊ परत मिळाला होता. आणि त्या खुर्चीवर बसायला निघालेल्या बाईला मी काय शिकवलं? हसून खोटं बोलायला. तेही हात जोडून, तिच्या भल्यासाठी म्हणून. मला माझी इतकी चीड आली, की त्या व्हरांड्यात कोणी नसतं तर मी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली असती.

कचेरीत गेले. कुलूप काढलं. स्टॅम्पपॅडखालचा कागद घेतला. मग कपाटातून ती मूळची एकेचाळीस पानं काढली. कागद फेकायचा नाही ही माझी जुनी सवय, कापलेल्या पानांचीही मी फाइल केली होती. दोन्ही घेऊन सभागृहाशेजारच्या खोलीचं दार वाजवलं. आत अध्यक्षबाई आणि प्राचार्य दोघेच होते.

"त्यांनी नवीन घड्याळ घेतलं नव्हतं," मी म्हटलं. "सर बिछान्यावर होते. त्या आठ ओळी मी लिहिल्या. तिन्ही वह्यांत. सरांना यातलं काही माहीत नाही. आणि आत्ता जी बाई तुमच्याशी खोटं बोलून गेली, तिला ते मी बोलायला लावलं. तिने खरं लिहून दिलं होतं, ते हे."

अध्यक्षबाईंनी फॉर्म घेतला. पुढचं पान वाचलं, उलटून मागचं वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"कधी काढलात हा अहवालातून?"

"सात आठवडे झाले."

"आणि त्या सात आठवड्यांत, या ड्रायव्हरविषयी कोणी बोललं हिच्याशी?"

मी नकारार्थी मान हलवली.

"बैठकीचा नियम का केलाय, माहीत आहे तुम्हाला?" त्यांचा आवाज चढला नव्हता, तरी मला तो लागला. "असलं ओझं शिकणाऱ्याने एकट्याने ओढू नये म्हणून. बाकी त्या वहीला काही अर्थ नाही."

"मला तो भरायचा रकाना वाटला," मी म्हटलं. तेच खरं होतं, आणि त्याहून वाईट काही मला सांगता आलं नसतं.

तेवढ्यात प्राचार्य उठून उभे राहिले. मला वाटलं आता 'बघूया' म्हणणार. ते म्हणाले, "यांनी मला दोनदा विचारलं होतं, सरांच्या जागी कोण. मी उत्तर दिलं नाही. हे माझ्या नावावर लिहा." बावीस वर्षांत हा माणूस असा एका दमात बोललेला मी पहिल्यांदा ऐकला.

अध्यक्षबाईंनी ती एकेचाळीस पानं ठेवून घेतली. दुपारभर वाचत होत्या. मधे एकदा दाराबाहेर हसू ऐकू आलं. त्या झोपेच्या तारखांपाशी पोचल्या असाव्यात.

निकाल महिन्याने आला. मान्यता मिळाली, पण सातऐवजी दोन वर्षांची, आणि अटींसह. पहिली अट, मूळ सातवं प्रकरण अहवालात परत जोडायचं. दुसरी, तिन्ही विद्यार्थ्यांनी ते आठ आठवडे पुन्हा करायचे, पदवी त्यानंतर. तिसरी, वह्यांना कचेरीने हात लावायचा नाही, जे भेटतील त्यांनीच भरायच्या. मला लेखी मेमो मिळाला. तो टाइप करायला कचेरीत दुसरं कोणी नव्हतं, तेव्हा तो मीच केला, दोन चुका सुधारल्या, फाइलला लावला आणि आस्तेकदमांच्या घरी जाऊन त्यांचे पाय धरले. ते म्हणाले, "उठा हो, मला वाकता येत नाही अजून."

हॉस्पिटलने मात्र वाट पाहिली नाही. ती खुर्ची दुसऱ्या कोणाला मिळाली. चॅप्लिनबाईंनी स्वतः फोन करून वहिनीला सांगितलं. फोन ठेवून वहिनी खिडकीशी जाऊन बसली. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी स्वयंपाक करत होते, ती जेवत नव्हती, आणि मला तिला जेव म्हणायचं धैर्य होत नव्हतं. चार वर्षांचा अबोला मी पाहिलेला. तो असाच सुरू होतो, पहिल्या चार दिवसांनी.

पाचव्या दिवशी मी तिच्यासमोर जाऊन बसले. "शिव्या घाल, पण बोल," मी म्हटलं.

"तो कागद," ती म्हणाली, "तू ठेवला होतास. मला वाटलं होतं फाडून टाकला असशील."

"फाडवला नाही."

"फाडला असतास तर मी या घरात राहिले नसते." तिने डोळे पुसले. "खुर्ची गेली माझी. मला फार राग आलाय, आणि तो इतक्यात जाणार नाही."

"नको जाऊ दे. मी इथेच आहे."

मग मी तो प्रश्न विचारला, जो कितीतरी महिन्यांपूर्वी विचारायला हवा होता. "कसे होते गं ते ड्रायव्हरकाका?" तिने तोंड उघडलं आणि तिला बोलताच आलं नाही. नुसती मान हलवत राहिली. तेव्हा मला कळलं, की हे माझ्याच्याने होण्यासारखं नाही, याला आस्तेकदमच हवेत.

पुढच्या सत्रात पहिल्या गुरुवारी ते काठी टेकत आले. त्यांची खोली माझ्या कचेरीला लागून, मधे लाकडाची पार्टिशन. वहिनी वही घेऊन आत गेली. मी शपथेवर सांगते, कान लावला नाही. पण पार्टिशन पातळ आहे. आधी बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग रडणं ऐकू आलं. भावाच्या वेळीही वहिनी माझ्यासमोर अशी रडली नव्हती. मग सरांचा सावकाश आवाज, मग तिचा, मग पुन्हा सरांचा. पाच वाजले. साडेपाचला कचेरी बंद करायची असते. मी दिवे मालवले नाहीत, किल्ल्यांचा जुडगा मांडीवर घेऊन बसून राहिले.

दार उघडलं. वहिनीचे डोळे सुजले होते, नाक लाल झालं होतं. माझ्या टेबलावरचं पेन तिने उचललं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि वहीत स्वतः लिहिलं, चार पाच ते सहा पंचवीस. आस्तेकदमांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, ती ओळ बोट ठेवून वाचली आणि मग सही केली.

"त्या मुलीला शोधायचंय," वहिनी मला म्हणाली. "तिचे बाबा तिच्या दारात जाऊन उभे राहणार होते, हे तिला सांगायचंय. आणि मी खोटं बोलले होते, हेसुद्धा. सर येतायत बरोबर."

"बरं," मी म्हटलं.

तिने पर्स खांद्याला लावली. "चल आता, कुलूप लाव. घरी काय आहे जेवायला? मला भूक लागलीये."